दादाच्या बाजूची स्प्रिंग

मी एक जुना कॉइलओव्हर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. मोटारीच्या चाकाला खड्ड्यात बसणारा धक्का गिळणारी एक नळी असते, तिला गॅरेजमधले लोक शॉकअप म्हणतात. त्या नळीभोवती जाड स्प्रिंग चढवली की झालो मी. माझं सगळं आयुष्य एका पिकअप गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाआड गेलं. तिथे चिखल येतो, खडी येते, कधी एखादं मांजरही येऊन झोपतं, पण चौकशी करायला कोणी वाकत नाही. आता मी एका काचेच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फुटक्या बादलीशेजारी पडून आहे. अंगावर गंज, नळीवर करवतीचे चरे. एकेकाळी दोन सख्खे भाऊ माझ्यापुढे गुडघे टेकून बसत, हे आज सांगितलं तर ती बादलीसुद्धा हसेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालबुंद तापलेली पोलादी सळई गोल गुंडाळून माझी स्प्रिंग केली. नळीवर बाहेरून बारीक आटे पाडले, बरणीच्या तोंडाला झाकणासाठी असतात तसे. त्या आट्यांवर दोन कडी चढवली. वरच्या कड्यावर स्प्रिंग टेकते. आकडीच्या पान्याने ते फिरवत वर नेलं की गाडी उंच उभी राहते, खाली आणलं की गाडी खाली बसते. खालचं पातळ कडं त्याला आवळून ठेवतं, म्हणजे ते जागचं हलत नाही. एवढंच माझं शहाणपण. पण गाडीसोबत येणाऱ्या साध्या स्प्रिंगकडे तेवढंही नसतं. ती जशी बसवली तशी जन्मभर. मला मात्र माणसाच्या मापाने वर-खाली करता येतं, आणि या गोष्टीतलं सगळं बरंवाईट त्यातूनच झालं.

मी आणि माझा जुळा, एकाच खोक्यातून दोघे आलो. आम्हाला आणणारे दोघेही भाऊच होते. थोरला काच कापायचा, धाकटा गाडी चालवायचा आणि खिडक्या बसवायचा. थोरल्याला गल्लीत सगळे पहिलवान म्हणत. त्याने आयुष्यात कुस्ती खेळली नव्हती. फक्त देह तसा होता. खुर्चीवर बसताना तो आधी खुर्चीकडे एकदा काळजीने बघून घ्यायचा. धाकटा अंगाने काडी, पण हात सतत कुठल्यातरी नटबोल्टात. त्यांच्या पिकअपच्या जुन्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. खड्डा आला की गाडी आदळायची आणि मागे एखादी काच तडकायची. मग थोरला काही न बोलता काचेकडे बघत उभा राहायचा, आणि ते धाकट्याला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

आम्हाला बसवलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दुकान बंद होतं. धाकट्याने गाडी सपाट फरशीवर घेतली, जॅकने पुढचा भाग उचलला, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, चाकं उतरवली आणि आम्हा दोघांना जागच्या जागी आवळलं. मग गाडी खाली सोडली. पण सोडल्याबरोबर माप घ्यायचं नसतं. गाडी तेव्हा अवघडून उभी असते, नव्या नात्यातल्या घरी पहिल्यांदा बसलेल्या माणसासारखी. तिला थोडं पुढे-मागे ढकललं की ती अंग सोडते. ढकलायचं काम थोरल्याचं. नंतर चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपही त्यानेच लावली. काच कापणाऱ्या माणसाचं माप ते. केसाचा फरकही त्याच्या डोळ्यात सलायचा.

दोन्ही बाजू सारख्या आल्या. धाकटा हात पुसत म्हणाला, “चल, एक चक्कर मारून येऊ.” थोरला डाव्या सीटवर बसला आणि मी दबलो. धाकट्याने बाहेरून पाहिलं, परत टेप लावली. डावी बाजू चार बोटं खाली गेली होती.

“दादा, तू उतरलास की गाडी एकदम सरळ आहे.”

“मी उतरलो तर काचा कोण धरणार? तुझे हे काटकुळे हात?” थोरला खिडकीतून म्हणाला. “गाडी माझ्यासकट सरळ पाहिजे.”

म्हणणं बरोबर होतं. मागे तंबूसारखी लाकडी चौकट असायची आणि तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकवून उभ्या केलेल्या असायच्या. गाडी एकीकडे झुकली तर एका अंगाच्या काचा जास्त रेलतात आणि दुसऱ्या अंगाच्या ताठ होतात. ताठ उभी काच कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून धाकट्याने पुन्हा जॅक लावला. चाक उतरवायचं, आटे ब्रशने पुसायचे, खालचं कडं सैल करायचं, वरचं थोडं फिरवायचं, आवळायचं, गाडी खाली सोडायची, ढकलायची, आणि मग थोरल्याने आत बसायचं. कमी पडलं की पुन्हा पहिल्यापासून. “उतर दादा. बस दादा.” चढउतार करून पहिलवानाला घाम फुटला. दारात चहाचे कप घेऊन उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “अहो, गाडी उचलण्यापेक्षा ताटातले दोन घास कमी करा की.” तिघेही हसले. धाकटा तर पाना हातात घेऊन फरशीवर बसूनच हसला.

शेवटी थोरला आत बसलेला असताना दोन्ही बाजूंची मापं जुळली. माझं कडं जुळ्याच्या कड्यापेक्षा वर होतं. धाकट्याने बारीक ब्रश घेऊन कडं जिथे थांबलं तिथे माझ्या आट्यांवर एक पिवळी रेघ ओढली. “ही दादाची रेघ,” तो म्हणाला.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. धाकटा अधूनमधून चाक उतरवायचा, आट्यांतली माती काढायचा, तेलाचं बोट फिरवायचा, कडं जरा सैल करून पुन्हा रेघेवर आणून ठेवायचा. कच्च्या रस्त्यावरच्या एका घरी आम्ही पुरुषभर उंचीचा आरसा ओरखडाही न उठता पोचवला. घरमालकाने खूश होऊन मडगार्डवर थाप मारली. आमच्या वाट्याचं कौतुक हे असं वरच्यावरच जायचं. पण थोरला गाडीत बसला की मी बरोबर रेघेच्या मापाने दबायचो, गाडी सरळ उभी राहायची, आणि मला त्यातच भरून पावल्यासारखं व्हायचं.

मग एका वर्षी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थोरला सीटवर बसायचा, दार लावायचा, पण मी पूर्वीइतका दबेना. आधी वाटलं, माझाच काही दोष असेल. पण जुळा होता तसाच होता. महिना गेला तसा मी आणखी वर राहू लागलो. मित्रांनो, त्या माणसाचं वजन उतरत होतं. डॉक्टरच्या आधी, घरच्यांच्या आधी ते मला कळलं, कारण त्याचं ओझं दररोज माझ्या अंगावर असायचं. पण मला तोंड नाही. मी फक्त वर राहू शकत होतो, आणि ते मी करत होतो.

ते धाकट्याला दिसलं. गाडी एका बाजूला ओढते आहे हे चालवणाऱ्याला कळतंच. त्याने टेप लावली, डावी बाजू वर आली होती. “कडं सरकलेलं दिसतंय,” असं म्हणून त्याने पाना घेतला आणि मला रेघेच्या जरा खाली आणलं. थोरला आत बसून होता. त्याने खिडकीतून विचारलं, “आता सरळ आहे ना?”

“सरळ आहे.”

“मग झालं,” थोरला म्हणाला आणि त्याने काच वर केली.

काही आठवड्यांनी पुन्हा तेच. नंतर पुन्हा. दर वेळी माझं कडं रेघेपासून आणखी खाली जायचं. स्प्रिंग जुनी झाली की बसते, वर उठत नाही, हे धाकट्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने ते मनावर घेतलं नाही. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाकडे कोण निरखून बघतं? नजर समोरच्या रस्त्यावर असते. आणि थोरल्याला सगळं माहीत असावं असं मला वाटतं, कारण “आता सरळ आहे ना” हे तो फार घाईने विचारायचा. शेवटच्या वेळी गाडी ढकलायची पाळी आली तेव्हा तो बाजूला उभा राहिला. म्हणाला, “आज तूच ढकल. माझी पाठ धरलीय.” धाकट्याने ढकलली. गाडी सरळ झाली. सगळे जेवायला गेले.

थोरला अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. आजार पोटात होता, आणि तो सापडला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते.

जवळची माणसं सांत्वनाला येऊन आपापल्या घरी परतली, त्यानंतरच्या सकाळी धाकटा एकटाच गाडीपाशी आला. त्याने माझं चाक उतरवलं. वर पिवळी रेघ आणि खाली कडं. मधल्या जागेत त्याने आपलं बोट ठेवलं, आडवं. नंतर दुसरं ठेवलं. तेही मावलं. तो तसाच बोटं आट्यांवर ठेवून फरशीवर बसला, आणि काय झालं होतं ते त्याला तिथे कळलं. भाऊ झिजत होता, आणि त्याचं माप हा आपल्याच हाताने थोडं थोडं घेत होता. घेऊन पुसून टाकत होता, गाडी सरळ दिसावी म्हणून. तो खूप रडला. नंतर डोळे पुसून त्याने पाना घेतला, मला फिरवत फिरवत पुन्हा रेघेवर नेलं आणि खालचं कडं हातोडीने ठोकून आवळलं. त्यानंतर पुढच्या डाव्या चाकाआड त्याने कोणाला हात घालू दिला नाही. स्वतःही घातला नाही.

आता सांगा, ज्याच्या मापाने मला वर चढवलं तो माणूसच नाही, तर मी काय करणार? मी वर राहिलो. गाडी रस्त्याने डावा खांदा उचलून चालू लागली. टायर एकाच कडेने झिजू लागला. चाकं जुळवून देणारा कारागीर दर वेळी सांगायचा, “ही बाजू खाली घेतल्याशिवाय माझ्या कामाला अर्थ नाही.” धाकटा म्हणायचा, “राहू दे. आहे ते बरोबर आहे.” कारागिराने पुढे पुढे बोलणं सोडलं. आट्यांत माती बसली, तिच्यावर पाणी बसलं, पाण्याने गंज धरला. पूर्वी ज्या हातांनी मला तेल लावलं तेच हात आता माझ्या बाजूला येईनात, याचं मला फार वाईट वाटायचं.

दुकान तर चालवायला हवं होतं. काच कापायला थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, उभी राहिली. इतकी वर्षं नवऱ्याच्या शेजारी उभं राहून तिने ते सगळं नजरेत साठवलं होतं, आणि तिचा हात पक्का होता. खिडक्यांची मापं घ्यायला आणि काचा धरायला ती गाडीतून जाऊ लागली. बसायची अर्थात डाव्या सीटवर. बाई चणीने लहान. ती बसली हे मला कधी कधी दार वाजलं म्हणूनच कळायचं. गाडीचा तिरकेपणा बघणाऱ्याला थोडाच वाटे, पण तिथे दिवसभर बसणाऱ्याच्या कमरेला तो पुरेपूर कळे. वळणावर दिराच्या अंगावर घसरायला नको म्हणून ती दारावरची कडी घट्ट धरून बसायची. बोलायची काही नाही. धाकटाही काही विचारायचा नाही. दोघेही समोर बघायचे.

अशीच गाडी एका दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच घेऊन निघाली होती. काच चौकटीच्या उजव्या अंगाला होती, आणि गाडी डावीकडून उचललेली असल्यामुळे ती जवळजवळ ताठ उभी होती. एका वळणावर पट्टा सैल पडला. मी आणि जुळ्याने जिवाच्या आकांताने गाडी सावरली, पण काच बाहेरच्या बाजूला कलली आणि रस्त्यावर जाऊन फुटली. पिशव्या घेतलेली एक बाई नुकतीच तिथून पदपथावर चढली होती. तिच्या चपलेशी तुकडे जाऊन पडले. तिच्या हातातल्या पिशव्या गळून पडल्या, त्या उचलून ती निघून गेली.

धाकट्याने गाडी बाजूला लावली. वहिनीने मागून केरसुणी काढली आणि दोघे काच गोळा करू लागले.

“भावजी, गाडी सरळ करा,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, ती दादाची रेघ आहे.”

“माहीत आहे मला. चहा घेऊन मीच उभी होते दारात.” ती झाडायची थांबली नाही. “तुम्ही ती जागा त्यांच्यासाठी ठेवलीत. पण रोज तिथे बसते मी. आणि रोज ती गाडी मला सांगते की मी त्यांच्याएवढी नाही.”

धाकटा हातातल्या पत्र्यावर तुकडे भरत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, “दादा वाळत होता आणि मी पाना फिरवत होतो, वहिनी. दर वेळी त्याला सांगितलं, सरळ आहे.”

आता मात्र केरसुणी थांबली. “आणि मी त्यांच्या पँटी कमरेत आत घेत होते,” ती म्हणाली. “तीनदा उसवल्या, तीनदा शिवल्या. म्हटलं, बरं झालं, जरा हलके झाले. मीच म्हणाले होते ना, दोन घास कमी करा म्हणून. शिंप्याकडे टाकल्या असत्या तर तो तरी काही बोलला असता.”

धाकट्याने तिच्या हातातली केरसुणी घेतली आणि उरलेला रस्ता स्वतः झाडला.

दुसऱ्याच दिवशी माझं चाक उतरलं. किती दिवसांनी ते हात माझ्यापाशी आले होते. त्याने ब्रश मारला, तेल सोडलं, पाना लावला आणि जोर केला. कडं हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा जोर. पान्याच्या आकडीखाली कड्याच्या खाचेची कड तुटून पडली. मी हट्टाला पेटलो असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो, पण तसं नव्हतं. मला फिरायचं होतं. त्या बाईला सरळ बसता यावं म्हणून मला खाली यायचं होतं. पण गंजाने माझं कडं आणि माझे आटे एकजीव करून टाकले होते, आणि त्याला आता माझाही इलाज नव्हता.

शेवटी त्याने मला सगळाच्या सगळा बाहेर काढला. स्प्रिंग उसळून अंगावर येऊ नये म्हणून तिला पकडी लावल्या आणि करवत घेतली. पातं ठेवायची जागा नेमकी पिवळ्या रेघेवर आली. तो थांबला. वहिनी शेजारीच उभी होती. त्याने करवत चालवली. कडं निघालं ते माझे आटे सोबत घेऊनच निघालं, आणि मी कामातून गेलो. आमच्यात एकटा बदलत नाहीत, जोडी बदलतात. त्यामुळे माझा जुळा धडधाकट असूनही उतरवला गेला. तो दुसऱ्या कुठल्या गाडीत गेला म्हणतात. आमचा निरोप झाला नाही.

नवी जोडी बसवली तेव्हा मी भिंतीशी पडून सगळं पाहत होतो. जॅक, घोड्या, पाना, सगळं तेच. गाडी खाली आली, धाकट्याने एकट्याने ढकलली, टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

“बसा वहिनी,” तो म्हणाला.

ती डाव्या सीटवर बसली, दार लावलं. धाकट्याने पुन्हा टेप लावली. त्याने डोळे बारीक केले, टेप काढली, परत लावली. माप होतं तिथेच होतं. ती बसल्याचा गाडीला पत्ताच नव्हता.

“सरळ आहे ना?” वहिनीने खिडकीतून विचारलं.

त्याच्या ओठावर उत्तर आलं होतं. मला दिसलं. पण ते त्याने गिळलं. तो उठला, हातातली टेप तशीच लोंबत होती, आणि खिडकीपाशी जाऊन त्याने आत बघितलं. नीट बघितलं. तिच्या मनगटावरचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं.

“वहिनी, तुम्ही जेवता ना नीट?”

“जेवते की,” ती म्हणाली. मग तिने घड्याळ ओढून मनगटावर आणलं. “रात्रीचं नाही जेवत. एकटीसाठी ताट घ्यावंसं वाटत नाही.”

धाकट्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. “उतरा मग,” तो म्हणाला. “गाडीचं नंतर बघू.” ती दोघं आत गेली, आणि थोड्या वेळाने ताटांचा आवाज आला. नव्या जोडीची खालची कडी त्या दिवशी आवळायचीच राहून गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तर ही माझी कहाणी. उद्या-परवा भंगारवाला येईल, मला वितळवतील, माझं दुसरं काही होईल. जायच्या आधी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याच्या आट्यांवरून वर्षातून एकदोनदा ब्रश फिरवा, तेलाचं बोट लावा, त्याला जरा हलवून ठेवा. फिरणारी वस्तू फार दिवस एका जागी आवळून ठेवू नका. मग ती फिरत नाही, कितीही रडलात तरी. आणि मित्रांनो, एखाद्या दिवशी तुमची गाडी एका बाजूने उचललेली दिसली, तर पाना नंतर शोधा. आधी खिडकीतून आत बघा.